इंग्रजीचं अध्यापन आणि देशोदेशींची देवाणघेवाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, बी.एड.चे विद्यार्थी आणि मुलांना परदेशी पाठवू पाहणारे पालक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसा, फी आणि अर्जाच्या तारखा इथे सापडणार नाहीत. त्या सतत बदलतात.

१. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे नक्की काय? नाचगाण्याचे कार्यक्रम?

तेही त्यात येतात, पण खरा कारभार चालतो तो भाषावर्ग, शिष्यवृत्त्या, ग्रंथालयं आणि शिक्षकांची ये-जा यांवर. पैसा बहुतेक वेळा सरकारचा असतो, पण पाटी सरकारची नसते. सुरुवात फ्रान्सने केली. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांकडून मार खाल्ल्यावर देशाची पत भाषेच्या जोरावर सावरावी, हा विचार तिथे रुजला आणि १८८३ मध्ये पॅरिसमध्ये आलियाँस फ्राँसेज निघाली. इटलीची दान्तेच्या नावाची संस्था १८८९ ची. जर्मनीची विद्यार्थी-प्राध्यापकांची देवाणघेवाण करणारी संस्था १९२५ ची आणि गटे इन्स्टिट्यूट १९५१ ची. हिलाच आपण पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन म्हणतो, कारण भारतात जर्मन कवी गटेपेक्षा ऋग्वेदाचं संपादन करणारा मॅक्सम्युलर अधिक ओळखीचा. इंग्रज या रांगेत फार उशिरा आले. जगाच्या नकाशाचा एवढा मोठा भाग आपल्याच रंगाचा असताना ओळख कुणाला करून द्यायची, असं त्यांना वाटत असावं.

२. पण इंग्रजी शिकवणं तर मेकॉलेपासून सुरू झालं ना?

मेकॉलेचं टिपण १८३५ चं. त्याआधीच, १८१७ मध्ये, कलकत्त्यातल्या प्रतिष्ठितांनी स्वतः वर्गणी काढून हिंदू कॉलेज उभं केलं होतं. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. म्हणजे इंग्रजीची ओढ मेकॉलेने लावली असं नाही. त्याने तिला सरकारी तिजोरीचा रस्ता दाखवला. शिवाय राज्यकर्त्याने प्रजेला शिकवलं, त्याला देवाणघेवाण म्हणता येत नाही. ती दोन वेगळ्या घरांत होते. हा फरक प्रश्न ३ मध्ये महत्त्वाचा ठरतो.

३. ब्रिटिश कौन्सिल कधी आणि कशासाठी निघाली?

१९३४ मध्ये. हिटलर आणि मुसोलिनीचा प्रचार भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत जोरात होता, आणि परराष्ट्र खात्यातल्या रेक्स लीपर यांनी आपणही काही केलं पाहिजे असा धोशा लावला. १९३८ पासून परदेशांत कचेऱ्या उघडू लागल्या. सुरुवातीची ठिकाणं कैरो, बुखारेस्ट, वॉर्सा, लिस्बन. १९४० मध्ये, ऐन युद्धात, राजाची सनद मिळाली.

या यादीत भारत नाही हे लक्षात आलं असेल. भारत तेव्हा ‘परदेश’ नव्हता. कौन्सिल इथे आली १९४८ मध्ये, आपण स्वतंत्र झाल्यानंतर. आधी घर वेगळं व्हावं लागलं, मगच पाहुण्यासारखं येता आलं.

४. इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तयार झालं आणि तिथून जगभर गेलं, असंच ना?

नाही, आणि ही समजूत इतकी पक्की आहे की या उत्तराला जरा जास्त जागा देतो. परक्यांना इंग्रजी कसं शिकवावं याचा पायाभूत विचार ढाक्यात आणि टोकियोत झाला. लंडनने तो नंतर गोळा करून छापला.

मायकेल वेस्ट हा हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यातला अधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. त्याने बंगालमधली मुलं पाहिली. बहुतेक जण दोन-चार वर्षांत शाळा सोडत. तेवढ्यात त्यांना धड बोलता येत नसे आणि वाचताही येत नसे. वेस्टने १९२६ मध्ये विम्याच्या धंद्यातला एक शब्द शाळेत आणला: सरेंडर व्हॅल्यू. एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडली तर हातात जे पडतं, ते. वेस्टचा सवाल असा की मुलाने दुसऱ्या वर्षी शाळा सोडली तर त्याच्या पदरात काय पडलं? त्याचं उत्तर होतं, आधी वाचायला शिकवा, कारण अर्धवट बोलणं वाया जातं, पण अर्धवट वाचनसुद्धा कामाला येतं. मग त्याने मोजक्या शब्दांची वाचनमाला काढली आणि १९३५ मध्ये एक शब्दकोश. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते. १९५३ मध्ये त्याच्या नावावर आलेली दोनेक हजार उपयुक्त शब्दांची यादी पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांच्या मुळाशी राहिली.

तिकडे जपानच्या शिक्षण खात्याने १९२२ मध्ये हॅरल्ड पामर यांना सल्लागार म्हणून बोलावलं. १९२३ मध्ये टोकियोत संशोधनसंस्था सुरू झाली. पामर १९३६ पर्यंत तिथे होते. शब्द किती आणि कोणते शिकवावेत, वाक्यांचे साचे किती, तोंडी कामाने सुरुवात कशी करावी, हे सगळं तिथे वर्गात तपासून पाहिलं गेलं. या कामात १९२४ मध्ये जपानला आलेला एक तरुण सामील झाला: ए. एस. हॉर्नबी. त्याची गोष्ट पुढच्या प्रश्नात.

५. हॉर्नबीची डिक्शनरी एवढी वेगळी का मानतात? डिक्शनरी ती डिक्शनरी.

साधा शब्दकोश इंग्रजांसाठी असतो. ज्याला भाषा येते, त्याला फक्त अडलेला शब्द हवा असतो. शिकणाऱ्याची अडचण दुसरीच. शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात बसवायचा कसा? ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन होत नाही, अमुक क्रियापदानंतर ‘टू’ येतं की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. हॉर्नबी, गेटन्बी आणि वेकफील्ड यांनी प्रत्येक क्रियापदाला वाक्याचा साचा जोडून दिला. हस्तलिखित तयार होईतो जपान युद्धात उतरलं. हॉर्नबी स्थानबद्ध झाला आणि १९४२ मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षी, शत्रूराष्ट्राच्या राजधानीत, टोकियोच्या कैताकुशा या प्रकाशकाने तो कोश छापला! ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा काढला. आज ज्याला लोक ‘ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणतात, त्याचं जन्मगाव टोकियो.

हॉर्नबीने १९४६ मध्ये कौन्सिलतर्फे इंग्रजी अध्यापनाचं नियतकालिक सुरू केलं. कोशाच्या कमाईतून १९६१ मध्ये न्यास स्थापन केला. त्या पैशावर विकसनशील देशांतले शिक्षक शिकायला इंग्लंडला जाऊ लागले.

६. मग आमच्या आजोबांची तर्खडकर पाठमाला चुकीची होती का?

त्या पद्धतीने शिकलेली माणसं इंग्रजीत अर्ज, निकालपत्रं आणि अग्रलेख लिहीत होती, तेव्हा सरसकट चूक म्हणायला जीभ रेटत नाही. भाषांतर पाठमालेचा मार्ग असा: नियम, मग शब्द, मग मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी. हजारो मराठी माणसं मास्तरांशिवाय, घरी बसून, तिच्यावर शिकली. उणीव होती ती बोलण्याची. कान तयार होत नसे. पामरच्या परंपरेतल्या पुढच्या लोकांनी मात्र वर्गातून मातृभाषाच हद्दपार केली, आणि हे दुसरं टोक झालं. त्याची किंमत प्रश्न १२ मध्ये आहे.

७. शाळेत वही-पेन हातात धरून ‘धिस इज अ पेन’ म्हणवून घ्यायचे. ते कुठून आलं?

त्याला रचनात्मक पद्धत म्हणत. वाक्याचे साचे सोप्याकडून कठीणाकडे लावायचे आणि एकेक साचा घोटून घ्यायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लंडनच्या शिक्षणसंस्थेकडून आणि ब्रिटिश कौन्सिलकडून भारतात आली. मुळं अर्थात प्रश्न ४ मध्ये. सगळ्यात गाजलेला प्रयोग मद्रास राज्यातला, १९५९ च्या सुमाराचा. प्राथमिक शाळांतल्या २७,००० शिक्षकांना तयार करायचं होतं. थोड्यांना आधी शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होतो तसं, म्हणून त्याचं नावच ‘मद्रास स्नोबॉल’ पडलं. आपल्याकडच्या शासकीय प्रशिक्षणांत ‘मास्टर ट्रेनर’ नावाचा जो प्राणी दिसतो, तो याच जातीचा. गोळा मोठा होताना आतला बर्फ पातळ होतो, हे कुठल्याही तालुक्याच्या शिबिरात बसलेल्या शिक्षकाला विचारा.

हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था १९५८ ची. भारत सरकार, अमेरिकेचं फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिल अशा तिघांच्या मदतीतून ती उभी राहिली. सुरुवातीची वर्षं तिची धुरा सांभाळली कन्नड कवी वि. कृ. गोकाक यांनी. त्यांची प्राध्यापकी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये सुरू झाली होती आणि सांगलीच्या विलिंग्डनचे, कोल्हापूरच्या राजारामचे ते प्राचार्य होते. तीच संस्था आज इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आहे.

महाराष्ट्रात इतर माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये. त्यावर वेगळी प्रश्नावली करावी लागेल.

८. फुलब्राइट शिष्यवृत्तीचा पैसा कुठून आला?

युद्धाच्या भंगारातून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे ट्रक, यंत्रं, सामानसुमान जगभर पडून होतं. विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. आर्कान्सॉचे सिनेटर फुलब्राइट यांनी सुचवलं की किंमत त्यांच्याच चलनात घ्या आणि ती विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. १ ऑगस्ट १९४६ ला ट्रुमन यांनी सही केली. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० ला. नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्या आहेत. २००८ मध्ये भारत निम्मा खर्च उचलणारा बरोबरीचा भागीदार झाला आणि नाव झालं फुलब्राइट-नेहरू.

याच धर्तीची आणखी एक गोष्ट. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य पुरवण्याच्या कायद्याचं नाव निघालं की आपल्याला लाल गहू आठवतो. त्या गव्हाचे रुपये भारतातच साठले. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून तिथल्या विद्यापीठांना वाटली, मराठीसुद्धा. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात न सापडणारी एखादी कादंबरी शिकागोच्या शेल्फवर दिसली, तर तिची किंमत रेशनच्या गव्हाने मोजली गेलेली असू शकते.

९. पीस कोअरचे लोक इंग्रजी शिकवायला आले होते का?

पीस कोअर म्हणजे अमेरिकन सरकारची स्वयंसेवक योजना. जगभरात त्यांतल्या पुष्कळांनी तेच केलं. पहिली तुकडी १९६१ मध्ये घानाला गेली, ती शिक्षकांचीच. भारतात ते १९६१ ते १९७६ या काळात होते आणि इथे शेती, कुक्कुटपालन, आरोग्य यांवर भर जास्त होता. इंग्रजी शिकवायला इथे माणसं होतीच.

१०. पुण्याची ‘ब्रिटिश लायब्ररी’ ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची शाखा का?

नाही. हा घोटाळा नेहमी होतो. लंडनची ब्रिटिश लायब्ररी हे १९७३ मध्ये वेगळं केलेलं राष्ट्रीय ग्रंथालय. आपल्याकडे पुण्यासारख्या शहरांत ब्रिटिश कौन्सिलने चालवलेली ग्रंथालयं त्याच नावाने ओळखली गेली. फर्ग्युसन रस्त्यावर वातानुकूलित खोलीत बसून फुकटचा गारवा आणि विकतची पुस्तकं घेतलेल्या पिढीला हे नाव जवळचं आहे.

तिच्याइतकंच उपकारक, पण विस्मरणात गेलेलं नाव म्हणजे ईएलबीएस, अर्थात इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी. ब्रिटिश सरकारच्या अनुदानातून वैद्यकी, इंजिनीअरिंग, अर्थशास्त्राची पुस्तकं स्वस्त आवृत्तीत निघत. इंग्लंडमध्ये जे पुस्तक परवडलं नसतं, ते इथल्या मेडिकलच्या मुलाच्या खोलीवर असे आणि सीनियरकडून ज्युनियरकडे जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही योजना बंद झाली. माझ्या मते साठ वर्षांच्या सगळ्या व्याख्यानमालांपेक्षा या पुस्तकांनी इंग्रजीचं जास्त काम केलं, आणि त्यांतल्या बहुतेकांत भाषेचा एकही धडा नव्हता.

११. आयईएल्ट्स, टोफेल या परीक्षा कधीपासून?

टोफेल १९६४ पासून, आयईएल्ट्स १९८९ पासून. पण परक्यांच्या इंग्रजीची परीक्षा त्याहून जुनी. केंब्रिजने १९१३ मध्ये पहिली घेतली. तीन जण बसले, तिघेही नापास. पेपर एकूण बारा तासांचे. उच्चारशास्त्र, भाषांतर, आणि निबंध. निबंधाच्या विषयांत एक होता ‘हिंदुस्थानातलं बंड’, म्हणजे १८५७. त्याच घटनेवर एका मराठी माणसाने लिहिलेलं पुस्तक त्या वेळी हिंदुस्थानात बंदीत होतं.

आयईएल्ट्स ही केंब्रिज, ब्रिटिश कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियाची आयडीपी अशा तिघांची. २०२१ मध्ये कौन्सिलने भारतातला आपला आयईएल्ट्सचा व्यवहार आयडीपीला १३ कोटी पौंडांना विकला. कारण साधं होतं. कौन्सिलच्या उत्पन्नात सरकारी अनुदानाचा वाटा लहान, शिकवण्या आणि परीक्षांचा मोठा. करोनात वर्ग बंद पडले, आणि सरकारकडून १९.७ कोटी पौंडांचं कर्ज घ्यावं लागलं. १९३४ मध्ये शिकवणं हा देशाची ओळख करून देण्याच्या कामाचा एक भाग होता, आता तेच घर चालवत होतं.

१२. इंग्रजी ज्याची मातृभाषा, तोच चांगला शिक्षक, हा नियम कुणी केला?

नियम कुणी केला नाही, पण तो पाळला मात्र गेला. जानेवारी १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची परिषद भरली. तिथून पुढे पसरलेल्या समजुतींना भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये पाच भ्रम म्हटलं: इंग्रजी फक्त इंग्रजीतून शिकवावं, शिक्षक मातृभाषक असावा, जितक्या लहानपणी तितकं बरं, जितकं जास्त तितकं बरं, दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजी बिघडतं. ही यादी वाचून आपल्या गल्लीतल्या ‘इंटरनॅशनल’ शाळेचं माहितीपत्रक आठवलं, तर त्यात तुमचा दोष नाही.

जपानची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिथे बोलावणारा आणि पैसे देणारा एकच. १९८७ मध्ये परदेशी तरुणांना बोलावणाऱ्या जपानी सरकारच्या जेट कार्यक्रमात चार देशांतले ८४८ तरुण आले: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. बहुतेक जण शाळेत जपानी शिक्षकाच्या जोडीला उभे राहत. पुढे इतर देशांनाही दार उघडलं, भारतालाही. गोम अशी की या तरुणांना शिकवण्याचं शिक्षण असण्याची अट नव्हती. गावातल्या मुलांना परका माणूस भेटावा हाही हेतू होताच. तेव्हा ‘जेटमुळे जपानचं इंग्रजी सुधारलं का’ असं विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कॅलरी मोजण्यासारखं.

१३. हा सगळा साम्राज्यवादच नाही का? आणि देवाणघेवाण म्हणता, तर आपल्याकडून काय गेलं?

फिलिपसन यांचं म्हणणं तेच आहे, आणि पैशाच्या बाजूने पाहिलं तर ते खोडणं अवघड आहे. पद्धतींच्या बाजूने पाहिलं तर चित्र बदलतं. ढाका आणि टोकियो वर आलेच. तिसरं उदाहरण खुद्द आपलं. मद्रासमध्ये ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये बंगळूर, मद्रास भागातल्या साध्या शाळांत व्याकरणाचा क्रमच काढून टाकला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा आणि प्रश्न सोडवायला लावायचं. भाषा त्यातून येते. जगभर ‘टास्क’ म्हणून जे शिकवलं जातं, त्याच्या मुळाशी हा ‘बंगलोर प्रकल्प’ आहे. प्रश्न ७ मधल्या रचनात्मक पद्धतीला ज्या मद्रासने सर्वाधिक उचलून धरलं होतं, तिथूनच तिला उत्तर मिळालं.

पुण्याचा वाटाही मोठा. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाशास्त्राची सत्रं भरली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ शिकवायला आले आणि भारतीय भाषा शिकून गेले. अशोक केळकरांनी कॉर्नेलमध्ये १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. केली. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली, तिचं पहिलं बस्तान डेक्कन कॉलेजातच. तिच्यामार्फत आलेल्या कित्येक अमेरिकनांनी पुण्यात मराठी शिकून घेतलं.

१४. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. मग तिथे इंग्रजी कसं?

पोटासाठी. सरकारी शाळा पोर्तुगीज, पण नोकरी मुंबईत. त्यामुळे पोर्तुगीज राजवटीतच खासगी इंग्रजी शाळा चालत आणि मुलं मुंबईच्या मॅट्रिकला बसत. एका साम्राज्यात राहून दुसऱ्याची परीक्षा द्यायची, हा प्रकार इतरत्र क्वचितच. पोर्तुगालशी राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस पुन्हा जुळले. आता पणजीत पोर्तुगीज संस्था पोर्तुगीज शिकवतात, आणि त्यांना विद्यार्थीही मिळतात.

१५. एखाद्या देशाने अशी संस्था हाकलली तर शिकणं थांबतं का?

संस्था बंद होते, शिकणं थांबत नाही. रशियाने २०१८ मध्ये, लंडनशी विषप्रयोगाचं प्रकरण पेटल्यावर, ब्रिटिश कौन्सिलचं काम थांबवलं. तिथे इंग्रजीचे क्लास चालूच राहिले. उलटही घडतं: अमेरिकेने स्वतःची परदेशी माहितीसेवा १९९९ मध्ये गुंडाळून परराष्ट्र खात्यात विलीन केली. कुणी हाकललं नव्हतं.

१६. मराठीसाठी अशी एखादी संस्था आहे का?

आलियाँससारखी नाही. भारताची सांस्कृतिक संबंध परिषद मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली, पण तिची ओळख मुख्यतः संस्कृत, हिंदी, नृत्य आणि शिष्यवृत्त्या. मराठीचा सर्वांत जुना परदेशी वर्ग मॉरिशसमध्ये शोधावा लागतो. तिथे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातल्या मजुरांचे वंशज आजही शाळेत मराठी शिकतात, आणि भारत-मॉरिशस सहकार्यातून उभ्या राहिलेल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती वरच्या वर्गांनाही शिकवली जाते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या रविवारच्या शाळा आहेत. तिथे आईवडीलच मास्तर असतात, आणि मुलं उत्तरं इंग्रजीत देतात.